सुताराचा दृष्टान्त आणि चौदा पैलूंचा मणी

(मुक्ताईनगर येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)



माझी ओळख करून देताना तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, डॉक्टरेट, 34 वर्षांची सेवा असं बरंच सांगितलं गेलं. ते सगळं खरं आहे. पण आजच्या विषयाला त्याचा उपयोग थोडा आणि अडचण जास्त. विषय आहे लाकूड कोरण्याचा छंद. तोही देवाच्या मूर्ती किंवा मोर-पोपट कोरण्याचा नव्हे, नुसत्या भूमितीच्या आकृत्यांचा. चौकोन, तिकोन, त्यांचे छोटे छोटे लाकडी मणी करायचे, दोऱ्यात ओवायचे आणि दारावर टांगायचे. एवढंच.

हा त्यातला एक मणी. पहिल्या रांगेपासून फिरवायला देतो. लिंबाएवढा आहे. हातात घ्या, फिरवून बघा आणि पुढे द्या. त्याला 14 पैलू आहेत; 6 चौकोनी, 8 तिकोनी. मोजून पाहा, सगळे लोक पहिल्यांदा 12 किंवा 16 मोजतात. परत मात्र मला मिळाला पाहिजे.

आता हे खूळ डोक्यात कसं शिरलं ते सांगतो. निवृत्तीनंतर दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी, श्रावणात, आमच्या घराचं मागचं दार फुगलं. पावसाळ्यात लाकूड पाणी पितं आणि आडवं वाढतं, उभं फारसं वाढत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी ते दार खांद्यानं ढकलत होतो. शेवटी आमच्या मंडळींनी एका मिस्त्रींना बोलावलं. साठी उलटलेले, अंगानं किडकिडीत. त्यांनी दार उतरवलं, दोन खुर्च्यांवर आडवं टाकलं आणि रंधा मारायला लागले. मी शेजारी चहा घेऊन उभा. निवृत्त मास्तर माणूस, समोर कोणी दिसलं की शिकवायला लागतो. मी त्यांना म्हटलं, मिस्त्री, तुमच्यावर मी प्रबंध लिहिला आहे.

ते थांबले. म्हणाले, "माह्यावर?"

तुमच्यावर म्हणजे सुतारावर. हे थोडं समजावून सांगावं लागेल, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. बादरायणांची ब्रह्मसूत्रं. त्यांच्या दुसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात चाळिसावं सूत्र आहे. त्यात एकच उदाहरण दिलंय, तक्ष्याचं. तक्षा म्हणजे सुतार. प्रश्न असा चाललाय की आत्मा हा स्वभावतःच कर्ता आहे, की कर्तेपण त्याला बाहेरून चिकटलेलं आहे? शंकराचार्य भाष्यात सांगतात की सुताराकडे बघा. वाकस वगैरे हत्यारं हातात घेतो तेव्हा तो कर्ता असतो आणि दुःखी असतो. तोच घरी येतो, हत्यारं बाजूला ठेवतो, तेव्हा स्वस्थ असतो, सुखी असतो. म्हणजे करणं हे त्याचं मूळ रूप नाही, हत्यारांच्या संगतीनं आलेलं आहे. तसंच आत्म्याचं. अग्नीची उष्णता अग्नीपासून सुटत नाही, तसं कर्तेपण आत्म्याला असतं तर मोक्षच शक्य झाला नसता. युक्तिवाद चोख आहे. मी तो 34 वर्षं शिकवला. प्रबंधात त्याच्यावर एक प्रकरण आहे. आणि या सगळ्या काळात मी वाकस हातात धरलेला नव्हता. वाकस म्हणजे सुताराचं ते तासायचं, कुदळीसारख्या आडव्या पात्याचं हत्यार. ते दिसायला कसं असतं, एवढंही मी शब्दकोशात बघून लिहिलं होतं.

मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं. रंध्याच्या तोंडातला भुसा बोटानं काढला. मग म्हणाले, "सर, ज्यानं हे लिव्हलं त्याले सुतार भेटला असंन, पन सुताराची बायको नाही भेटली. हत्यार ठेवून मी घरी बसलो म्हंजे घरी काय होते, ते तिले इचारा."

मला हसू आलं आणि मग दिवसभर ते वाक्य डोक्यातून जाईना. माझ्या तोंडी परीक्षेला दोन बाहेरचे परीक्षक आले होते, त्यांच्यापैकी कोणी हा प्रश्न विचारला नव्हता.

आचार्यांच्या बाजूनं बोलायचं तर एक गोष्ट लगेच सांगितली पाहिजे. दृष्टान्त एवढ्याच अंशापुरता घ्यावा, असं त्यांनीच भाष्यात बजावलेलं आहे. सुतारांच्या जीवनाबद्दल ते विधान नव्हेच. शिवाय नीट वाचलं तर त्यांच्या डोळ्यांसमोर दिवसभराचं काम संपवून घरी आलेला सुतार आहे. त्यानं हत्यार ठेवलेलं आहे. मिस्त्री ज्या सुताराबद्दल बोलत होते त्याच्या हातून हत्यार सुटलेलं आहे. हत्यार ठेवणं आणि हत्यार सुटणं, बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. दोघंही ओट्यावर बसलेत, दोघांचेही हात रिकामे. हा फरक मी प्रबंधात केला नव्हता. करायला हवा होता.

मग मी त्यांना विचारलं, मला शिकवाल का? दाराची फळी नको, काहीतरी लहान. ते म्हणाले, "या वयात बोट कापून घ्यान." पण दुसऱ्या रविवारी आले.

आता प्रत्यक्ष कृतीकडे येतो, कारण समोर काही तरुण मंडळी वही घेऊन बसलेली दिसतात.

पहिला प्रश्न लाकडाचा. आपल्याकडे निंब मुबलक, म्हणून लोक निंबापासून सुरुवात करतात आणि कंटाळून सोडून देतात. निंबाचे रेषे एका दिशेनं जात नाहीत. एक थर इकडे कललेला, त्याखालचा तिकडे. सुरी आत्ता छान चालली होती ती पुढे अचानक लाकूड उचकटते. बाभूळ तर हाताच्या सुरीला दादच देत नाही; ती बैलगाडीच्या चाकासाठी. साग सरळ आहे, टिकाऊ आहे, पण त्याच्या अंगात वाळूसारखा अंश असतो, त्यानं धार लवकर जाते. नवशिक्यानं शिवण घ्यावी. हलकी, एकसारखी, वाळल्यावर वाकत नाही. सातपुड्यातला हळदूही फार चांगला, पिवळसर, बारीक पोताचा. पण जंगलात जाऊन तोडायचा नाही, गुन्हा होतो. वखारीत जा, उरलेले ढलपे-तुकडे मागा. आमच्याकडचा निम्मा माल तर पाडलेल्या जुन्या घरांच्या चौकटींचा आहे. पन्नास-साठ वर्षं उन्हाळे पाहिलेलं लाकूड. त्याला आता काही व्हायचं राहिलेलं नाही.

लाकूड वाळलेलं आहे की नाही हे मिस्त्री कसं ओळखतात? बोटाच्या पेरानं टकटक करतात आणि कान लावतात. वाळलेलं खणखणतं, ओलं बद्द वाजतं, आतून चिरलेलं असेल तर मधेच फुटका आवाज येतो. मुक्ताईनगरात उभं राहून हे सांगताना गोरोबाकाकांची गोष्ट आठवल्याशिवाय कशी राहील? मुक्ताईनं विचारलं, काका, हे काय हत्यार? ते म्हणाले, थापटणं, यानं कच्चं मडकं कोणतं आणि पक्कं कोणतं ते कळतं. मग बघा की आमच्यात कोण कच्चं, असं म्हणून तिनं सगळ्या संतांची डोकी थापटण्याखाली आणली आणि नामदेव कच्चे निघाले. ही गोष्ट आपण सगळे नामदेवांच्या बाजूनं ऐकतो, त्यांना गुरू कसा मिळाला म्हणून. मी अलीकडे ती थापटण्याच्या बाजूनं ऐकतो. ज्ञानी माणसांच्या मेळाव्यात परीक्षेचं साधन कुठून आलं? कुंभाराच्या ओट्यावरून. असो.

तर लाकूड मिळालं. 3 सेंटिमीटर रुंद, 3 सेंटिमीटर जाड आणि साधारण फूटभर लांब अशी काठी करून घ्या. सुटा चौकोनी ठोकळा घेऊ नका, इथेच सगळे चुकतात. 3 सेंटिमीटरचा तुकडा बोटांत धरून कोरायला गेलं की सुरी घसरते आणि बोट जातं. मणी काठीच्या टोकावरच करायचा, काठी ही मूठ. अगदी शेवटी तो काठीपासून वेगळा करायचा.

टोकापासून 3 सेंटिमीटरवर गुण्या लावून चारी बाजूंनी रेघ मारा. आता काठीच्या टोकावर एक घन बसलेला आहे असं समजा. त्याच्या 12 कडा. प्रत्येक कडेचा मध्य काढा, पेन्सिलीनं खूण करा. समोरच्या एका बाजूवर चार खुणा येतील. त्या जोडल्या की तिरका चौकोन तयार होतो, पतंगासारखा. वरच्या तोंडावर आणि चारी बाजूंवर असे पतंग काढले की घनाचा प्रत्येक कोपरा तीन रेघांच्या तिकोनात सापडतो. तो कोपरा उडवायचा. आठ कोपरे, आठ तिकोन. आणि मूळच्या सहा बाजूंचे सहा तिरके चौकोन उरतात. झाले 14 पैलू. आर्किमिडीजच्या नावानं 13 घनाकृती ओळखल्या जातात, त्यातली ही एक. पुढे केप्लरनं त्या तेराही आकृतींची पद्धतशीर मांडणी आपल्या 1619 सालच्या ग्रंथात केली.

वहीवर हे पाच मिनिटांचं काम आहे. आणि वहीवर आठही कोपरे अगदी सारखे आहेत. भूमितीला विचाराल तर ती सांगेल, एक कोपरा कापता आला म्हणजे आठही आले. मीही तसंच समजलो. वरचा पहिला कोपरा बरा निघाला. दुसरा कापताना सुरी वरच्या तोंडाकडून खाली चालवली आणि निम्मी काठी उभी चिरली गेली.

कारण असं. झाड उभं वाढतं, त्याचे रेषे काठीच्या लांबीत असतात, गवताच्या पेंढीसारखे. सुरी काठीच्या अंगाकडून टोकाकडे चालवली तर प्रत्येक रेष्याला खालच्या रेष्याचा टेका असतो, तो स्वच्छ कापला जातो. उलट टोकाकडून अंगाकडे चालवली की पातं दोन रेष्यांच्या मध्ये शिरतं आणि पाचरीसारखं फाडत जातं. म्हणून वरचे चार कोपरे टोकाच्या दिशेनं कापायचे. टोकाशी जरा जरा काढत, हळूहळू मागे येत, मधल्या खुणेपर्यंत पोचायचं. खालच्या चार कोपऱ्यांचं काय? तिथे काठी पुढे चालूच आहे. त्यासाठी 3 सेंटिमीटरच्या रेघेवर चारी कोनांतून बारीक करवतीनं खाचा घ्यायच्या, दोन्ही बाजूंच्या मध्याच्या खुणा लागेपर्यंत. मग सुरीची दिशा बदलायची, अंगाकडून त्या खाचेकडे. वरचे वर, खालचे खाली. घनाचे आठ कोपरे भूमितीला सारखे असतील, लाकडाला ते चार आणि चार आहेत.

मिस्त्रींनी हे शब्दांत कधीच सांगितलं नाही. मी चिरलेली काठी दाखवली तेव्हा ते इतकंच म्हणाले, "उलटं चाल्लं तुमचं." मी म्हटलं, उलटं म्हणजे काय? त्यांनी माझ्या हातातली काठी घेतली, सुरी एकदा इकडून चालवली, एकदा तिकडून, आणि परत दिली. गिल्बर्ट राईल नावाचे ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ होते. 1949 साली त्यांचं मनावरचं पुस्तक आलं. त्यात ते म्हणतात की 'अमुक आहे हे माहीत असणं' आणि 'अमुक करता येणं' हे ज्ञानाचे दोन वेगळे प्रकार आहेत, आणि दुसरा हा पहिल्याची फक्त अंमलबजावणी नव्हे. आधी डोक्यात नियम म्हणायचा आणि मग हातानं तो पाळायचा, असं कुशल माणूस करत नाही. मी हे वर्गात फळ्यावर दोन रकाने आखून शिकवत असे. दोन रकाने आखणं हे पहिल्याच प्रकारचं ज्ञान आहे, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

काही सावधगिरीच्या गोष्टी. सुरी बोथट असेल तर आज काम करू नका. बोथट सुरीला जोर लावावा लागतो आणि जोर लावलेली सुरी सुटली की थांबत नाही. निसण्यावर तेल टाकून धार काढा, मग जुन्या चामड्याच्या पट्ट्यावर परजा. माझी सुरी मिस्त्रींनी लोखंड कापायच्या जाड ब्लेडच्या तुकड्यापासून बनवून दिलेली आहे, मुठीला सुतळी गुंडाळलेली. बाजारात चांगल्या मिळतात, पण मला हीच बरी वाटते. डाव्या हाताच्या अंगठ्याला सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवा. मी पहिला महिना चढवला नाही. ही खूण बघा.

दोऱ्यासाठी भोक पाडायचं ते मणी काठीला असतानाच, वरून बारीक गिरमिटानं. मग करवतीनं काठीपासून सोडवा. काच कागद सपाट काचेवर पसरून त्यावर मणी घासा. कागद हातात धरून मण्यावर घासलात तर कडा गोल होतात आणि सगळी भूमिती जाते. शेवटी जवसाचं तेल दोन हात. आणि ही गोष्ट घरी सांगा: जवसाच्या तेलाच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. त्या सुकताना तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा कुठे जातो ते मी सांगायला नको. पसरून बाहेर वाळत घाला.

एक गणित मात्र मला फार आवडतं, ते सांगतो. आठ कोपरे उडवले तर घनाचं किती लाकूड गेलं असेल? सगळे म्हणतात निम्मं. एक कोपरा म्हणजे पूर्ण घनाचा 48वा भाग. आठ कोपरे म्हणजे सहावा हिस्सा. चौदा पैलूंचा मणी झाला तरी सहातले पाच हिस्से लाकूड तसंच असतं. इतकं थोडं काढून इतकं रूप बदलतं. पण तिथे न थांबता ते आठ तिकोन आणखी वाढवत गेलात, सहा बाजूंच्या मध्यबिंदूंपाशी ते एकमेकांना भिडेपर्यंत, तर आठच पैलूंची आकृती होते. दोन पिरॅमिड तळाशी चिकटवल्यासारखी. आता मूळच्या घनाचा फक्त सहावा हिस्सा उरलेला असतो. प्लेटोच्या 'टिमेयस' या संवादात घन म्हणजे पृथ्वी आणि हा अष्टपैलू म्हणजे वायू. पृथ्वीतून वायू काढायचा तर माझ्या हाताला पाच-सहा तास लागतात, आणि भुसा बराच होतो.

लहान मुलांना या आकृती दाखवायचा विचार जर्मनीतल्या फ्रोबेल यांनी केला होता, बालवाडीची कल्पना त्यांचीच. त्यांच्या खेळण्यांमध्ये लाकडी गोल, घन आणि नळकांडं होतं, दोऱ्यानं टांगायची सोय असलेलं. टांगलेला घन गरगर फिरवला की नळकांड्यासारखा दिसायला लागतो. हे मी माझ्या नातीला मण्यावर करून दाखवलं. तिनं विचारलं, मग तो खरा कोण आहे? आमच्या घरात तत्त्वज्ञान पुढे चालू राहील असं दिसतं.

आता ज्या भागाकडे यायला मला थोडा संकोच वाटतोय, तिकडे येतो.

दोन-तीन वर्षांत मण्यांचे बरेच हार झाले. दिवाळीला दारावर लाकडी तोरण लावलं, येणारे-जाणारे थांबून बघू लागले. कोणीतरी एका वर्तमानपत्राला कळवलं. बातमीदार आला, माझा फोटो काढला. मी त्याला प्लेटो सांगितला, आर्किमिडीज सांगितला, ब्रह्मसूत्रातला सुतारसुद्धा सांगितला. दुसऱ्या दिवशी छापून आलं, निवृत्त प्राध्यापकांनी जोपासली कला, वगैरे. त्यात मिस्त्रींचा उल्लेख नव्हता. बातमीदाराचा दोष नाही. मी त्याला सांगितलंच नव्हतं. बाराशे वर्षांपूर्वीच्या भाष्यातला सुतार मला आठवला आणि आदल्या रविवारी माझ्याच ओट्यावर बसलेला आठवला नाही.

मिस्त्री पुढच्या रविवारी आले. काही बोलले नाहीत. चहा घेतला. मग टेबलावरची एक काठी उचलली आणि कुठलीही खूण न करता, गुण्या न लावता, बोलता बोलता एक मणी केला. मी घड्याळ पाहिलं नाही, पण चहाचा दुसरा कप संपायच्या आत झाला असेल. मी तो मोजपट्टीनं मोजला. माझ्या मण्यापेक्षा सरस होता. मी विचारलं, तुम्हाला ही आकृती आधीपासून येत होती? ते म्हणाले, पाळण्याच्या चारी खांबांवर असेच तर ठोकळे असायचे, कोन मारलेले, पोराच्या डोक्याला टोक लागू नये म्हणून. "शंभरेक पाळने केले असतीन. तवा कोनी फोटो नाही काढला."

मी काय बोलणार? त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा त्यांच्या कामाबद्दल नीट विचारलं. तोवर मी माझ्याच मण्यांबद्दल विचारत आलो होतो. त्यांचं आयुष्य तिफणी, वखर, बैलगाड्या करण्यात गेलं. तिफणीबद्दल त्यांनी जे सांगितलं ते मला माझ्या सगळ्या भूमितीपेक्षा मोठं वाटतं. तिफणीच्या फणांमधलं अंतर दोन्हीकडे सारखं हवं. ते थोडं जरी चुकलं तर पेरणीला काही कळत नाही, उगवल्यावरही पटकन दिसत नाही. कळतं ते कोळपणीला. ओळी सारख्या नाहीत म्हणून कोळप्याची पास पिकात जाते आणि उभं पीक कापलं जातं. म्हणजे सुताराची चूक महिन्यानं, दुसऱ्याच्या शेतात उघडी पडते. तो शेतकरी मग संध्याकाळी दारात येऊन उभा राहतो. माझा मणी चुकला तर मी तो बंबात टाकतो आणि अंघोळीचं पाणी तापवतो. छंद आणि धंदा यांत काय फरक, असं कोणी मला परीक्षेत विचारलं तर मी आता व्याख्या देणार नाही, तिफण आणि मणी शेजारी शेजारी ठेवीन.

मग लोखंडी पेरणी यंत्रं आली, ट्रॅक्टर आले. गाड्या गेल्या, पाळणे गेले, दारंसुद्धा तयार पल्ल्याची आली. त्यांचा मुलगा पुण्याकडे फर्निचरच्या कारखान्यात आहे, तिथे कॉम्प्युटरवर आकडे टाकले की मशीन कोरतं. चांगलं कमावतो, मिस्त्रींना त्याचा अभिमान आहे. त्यांच्या स्वतःच्या हत्यारांपैकी बरीचशी भंगारात गेली. वाकस मात्र ठेवलाय, गोणपाटात गुंडाळून. मी एकदा विचारलं, आता कशाला ठेवलाय? ते म्हणाले, "राहू द्या. खात थोडीच हाये."

आपल्या जिल्ह्यातच फैजपूरला 1936 च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन झालं, खेड्यात भरलेलं पहिलंच. नंदलाल बोस यांनी तिथली सगळी सजावट बांबू, चटया असल्या गावच्या साहित्यातून उभी केली होती. पुढच्याच वर्षी वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षणाचा विचार मांडला. मी तो विचार शिक्षणशास्त्राच्या मुलांना शिकवलाही आहे. त्याचं पुढे काय झालं ते आपण जाणतो. शाळेत कार्यानुभवाचा तास असे आणि त्या तासाला आम्ही गणिताचा राहिलेला भाग पुरा करत असू. आता मात्र शहरांत हजारो रुपये भरून लोक शनिवार-रविवार लाकूडकाम शिकायला जातात. ताण जातो म्हणतात. जातही असेल, माझाही जातो. सुरी हातात असताना मला पेन्शनचा, गुडघ्यांचा, कशाचाच विचार येत नाही. कर्ता असताना मी सुखी असतो. आचार्यांचा दृष्टान्त माझ्या ओट्यावर दोन्ही अंगांनी उलटा झालाय: हत्यार घेतलेला प्राध्यापक सुखी आणि हत्यार ठेवलेला सुतार अस्वस्थ. यानं सिद्धान्त मोडतो असं मी म्हणत नाही. कर्तेपण उपाधीवर अवलंबून आहे, हे उलट जास्तच खरं ठरतं. फक्त उपाधींच्या यादीत हत्याराबरोबर पेन्शनही धरायला हवी होती.

मिस्त्रींचं नाव मी आज इथे जाहीरपणे घेणार होतो. बातमीत राहिलेली चूक तशी तरी भरून निघावी. त्यांनीच नको म्हटलं. म्हणाले, नाव सांगाल तर उद्यापासून सगळं गाव खिडक्या दुरुस्तीला बोलावेल, आणि माझ्या गुडघ्यांना आता शिडी चालत नाही. मी म्हटलं, मग शिकवाल का चार मुलांना, बसून? त्यावर त्यांनी ताबडतोब विचारलं, रोजाचे किती? मला तो प्रश्न ऐकून बरं वाटलं. म्हणून जाहीर करतो: दर रविवारी सकाळी आठ ते दहा, माझ्या ओट्यावर. फी आहे, आणि ती सगळी त्यांची आहे. फुकट नाही. लाकूड मी देईन. दहा वर्षांखालच्या मुलांबरोबर घरातलं मोठं माणूस पाहिजे. सुरी स्वतःची आणायची, पण नवी चकचकीत घेऊन याल तर ती आधी निसण्यावर तासभर घासावी लागेल, तो पहिला धडा.

(श्रोत्यांतून प्रश्न: याचा उपयोग काय?)

काही नाही. दारावर टांगायचं. वाऱ्यानं एकमेकांवर आपटले की आवाज येतो, सागाचा वेगळा, शिवणीचा वेगळा. रात्री झोप नाही आली तर मी तो ऐकतो.

(प्रश्न: मशीनवर याहून अचूक होईल ना?)

होईल. मिस्त्रींच्या मुलानं मागच्या दिवाळीला मशीनवर केलेले बारा मणी आणले होते. एकही चूक नाही. तोरणात मधोमध ते लावलेत, दोन्ही बाजूंना माझे. कुठे कुठले ते लांबूनही कळतं. मिस्त्रींनी मुलाचे मणी बराच वेळ हातात फिरवले आणि त्याला विचारलं, की रेषा कोणीकडून होता? तो म्हणाला, बाबा, मशीनला रेषा लागत नाही. मिस्त्रींनी मणी खाली ठेवले आणि जेवायला बसले. त्यांच्या मनात काय होतं, ते मला सांगता येणार नाही.

वेळ झाली, अध्यक्ष घड्याळ बघतायत. माझा मणी कुठवर आला? शेवटच्या रांगेत थांबलाय म्हणता? थांबू द्या, घाई करू नका. कोणी मागे वळून बघू नका. ते अंगठ्याच्या नखानं कडा तपासतायत. आठांतला कुठला कोपरा बिघडलाय ते रविवारी कळेल मला.